उजवी दाढ

"अजून थोडा आ करा काका," म्हणत डॉक्टर हिमानीनं आरशाच्या दांड्यानं उजवीकडच्या खालच्या दाढेवर हलकेच टकटक केलं. खुर्चीत आडवे झालेले मारोतराव छताकडे पाहत होते. त्यांची मुलगी नंदिनी शेजारच्या स्टुलावर त्यांचा चष्मा मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टरनं एक्स-रे समोर धरला. "मुळाशी हा काळा डाग दिसतो? तिथं पू धरलाय."

"पण दुखून कुठी राहिलं?" मारोतराव म्हणाले. "दिवाळीत ठणके. चहा घेतला का घंटाभर थांबेच ना. मंग आपोआप बंद झालं. मले वाटलं, झालं बरं."

"बरं नाही झालं. आतली नस मेली, म्हणून दुखणं थांबलं. थंड लागून लगेच जिरत असतं, तर नुसती दाढ भरून भागलं असतं. ठणका टिकून राहतो, काही न खाता उठतो, तेव्हा नस वाचत नाही. हिरडीवरची ही पुळी त्याचीच."

"मंग उपटून टाका बापा."

"काहून उपटायची?" डॉक्टरही नागपूरचीच होती. "मुळं घट्ट आहेत. आतली मेलेली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची, वर टोपी बसवायची. दोन-तीनदा यावं लागेल, पण दाढ तुमचीच राहील."

मारोतराव कोपरावर उठले. कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे ते एक्केचाळीस वर्षं माल पारखत होते. ढिगातून मूठ भरायची, एक दाणा उजव्या दाढेखाली धरायचा. कट वाजला तर वाळलेला, नुसता चेपला तर ओला. ओलावा सांगणारं मशीन आलं होतं, पण शेतकरी मशीनचा आकडा ऐकूनही मारोतरावांच्या तोंडाकडे पाहायचे.

"एक विचारू काय? नस काढल्यावर दाणा कळन तिले?"

डॉक्टरनं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "थंड-गरम कळणार नाही. पण दाब कळेल. तो नसेतून नाही, मुळाभोवतीच्या पडद्यातून कळतो. तो शाबूत आहे."

"मंग करा," मारोतराव म्हणाले आणि आडवे झाले.

"पण टोपी बसेपर्यंत त्या बाजूनं काही चावायचं नाही. नंतरही दाणे फोडणं कमी करा. दाढेला तडा त्यानंच गेलाय."

पहिली बैठक तासाभरात आटोपली. बाहेर आल्यावर मारोतराव बधिर ओठ चाचपत नंदिनीच्या स्कूटीवर मागे बसले. घरी नाही, बाजारातच जायचं म्हणाले. शेडमध्ये तुरीचे ढीग लागले होते. हमाल धोंडबानं त्यांचा वाकडा ओठ पाहिला.

"काय गा मारोतराव, आज मशीन बंद हाय काय?"

"दुरुस्तीले टाकलं," मारोतराव म्हणाले आणि सवयीनं मूठ भरून एक दाणा डाव्या दाढेखाली घातला. जरा वेळ चघळत राहिले. "डाव्या बाजूले सारीच तूर सारखी लागते गा."

धोंडबा हसला. नंदिनीही हसली. तिला काही सांगायचं होतं. सहा वर्षांपासून सांगायचं होतं.

लग्नानंतर तिच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा स्वयंपाकघरात तिनं वर्षाची तूरडाळ भरून ठेवली होती. मारोतरावांनी डब्यात हात घातला, एक डाळ चावली, तळहातावर काढून पाहिली. "ओली हाय वं. दोन दिवस ऊन दे." सासूबाई दारातच उभ्या होत्या. नंदिनीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. कॉलेजात इतिहास शिकवणारी ती, नको तेवढ्या शुद्ध मराठीत म्हणाली, "बाबा, इथे असं नका करत जाऊ. बरं दिसत नाही."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी ती डाळ खिशात टाकली. त्यानंतर तिच्याकडे आले की ते बैठकीच्या खोलीतूनच परत जायचे.

तिनं ऊन दिलं नाही. पोळ्याच्या सुमारास डबा उघडला, तर तळापासून हिरवट बुरशी चढलेली. घरात कुणी नसताना तिनं सगळी डाळ फेकली, डबा घासला, दुसरी आणून तितकीच भरली. कुणाला कळलं नाही.

आज सांगावं, असं तिला वाटलं. पण त्यांचा ओठ बधिर होता, बोलायला त्रास होत होता. पुढच्या गुरुवारी दुसरी बैठक होती. येताना ते स्कूटीवर मागे बसलेले असतील, तेव्हा सांगू. समोर पाहत बोलायला सोपं जाईल.

सोमवारी सकाळी बोली सुरू असताना मारोतराव तुरीच्या ढिगाशेजारी खाली बसले. धोंडबाला वाटलं, मूठ भरायला वाकले. हृदय थांबलं होतं. त्यांची मूठ उघडली तेव्हा तिच्यात दाणे होते, असं धोंडबानं नंतर सांगितलं.

गुरुवारी दवाखान्यातून फोन आला. "मारोतराव काकांची आज साडेदहाची वेळ आहे."

"ते येणार नाहीत," नंदिनी म्हणाली.

"मग पुढची तारीख देऊ? ती भराई तात्पुरती आहे ताई, फार दिवस ठेवून चालत नाही."

तेव्हा तिनं सांगितलं.

तेरवी झाल्यावर धोंडबा डाळीचं एक पोतं घेऊन आला. मारोतरावांनी लेकीसाठी निवडून बाजूला ठेवलेल्या तुरीची ती भरडून आणली होती. त्या तुरीला दाढ लावायची मात्र राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डबे पुसून ओळीनं मांडले. "भरायची का गं लगेच?"

"थांबा जरा," नंदिनी म्हणाली. तिनं पोत्यात हात घातला, एक डाळ उचलली आणि उजव्या दाढेखाली धरली. सासूबाई पाहत होत्या. बारीकसा आवाज झाला. तिनं तुकडे तळहातावर काढले, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले.

"ही वाळलेली हाय," ती म्हणाली. आणि मग, पाठ न फिरवता, सासूबाईंकडेच पाहत, "आई, त्या वर्षीची ओली होती. बाबा म्हणाले होते तशीच. सगळ्या डाळीला बुरशी लागली, मी गुपचूप फेकून दिली. त्यांचं खरं होतं. मी त्यांना कधी सांगितलं नाही."