रखमाबाईची रास

कळव्याला खाडीकाठच्या खाजणात तेव्हा जिकडे बघावं तिकडे मिठागरं होती. रखमाबाई लग्नाआधीपासून तिथंच राबली. वाफ्यातलं मीठ टोपलीनं वाहायचं, त्याची रास रचायची आणि ओल्या तळव्यानं थापून ती घट्ट करायची. थापायचं काम रखमाचं. तिची रास वाऱ्यानं ढासळत नसे.

मग नवरा गुणाजी कल्याणला आगगाडीच्या कामावर लागला. पगार आला, तिथंच कौलारू खोली आली. "आता टोपली बंद," तो म्हणाला. बोलला ते मायेनंच. तिच्या पायांच्या भेगा त्यानं पाहिल्या होत्या.

भेगा बुजल्या, पण रखमा विझत गेली. केर काढला की दारात बसून राही. जेवण सुटलं, झोप उडाली. शेजारणी विचारत, "काय होतंय गो?" तिला सांगता येईना; दुखत तर कुठंच नव्हतं. गुणाजीनं शहाडचा भगत आणला. तो म्हणाला, खाजणातलं भूत मागं लागलंय, हिला खाडी दाखवू नका. तेव्हापासून तिनं कळव्याचं नावही टाकलं.

उन्हाळ्यात कळव्याहून सासू धाकूबाय भेटायला आली. चुलीवर तवा तापून धूर सुटला होता. रखमानं परातीत तांदळाच्या पिठाची उभट रास केली होती आणि ओल्या तळव्यानं ती थापत होती, खालून वर, पुन्हा खालून वर. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. म्हातारी उंबऱ्यातच थांबली. मग आत येऊन तिनं तवा उतरवला.

संध्याकाळी गुणाजी आला तर गाठोडं बांधलेलं.

"हिला नेते मी कळव्याला. मिठाच्या आगरात."

"आये, भगत काय बोलला?"

"त्याला कोंबडा भेटला, तो काय पण बोलंल."

"लोक म्हणतील, गुणाजीला बायको पोसवत नाय."

"तुझ्या बापाला पण म्हणायचे. मी मीठ वाहूनच तुला वाढवला. तुझा पाळणा हलवायला लोक नव्हते आले."

गुणाजीनं बायकोकडे पाहिलं. "तुला जायचंय?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"औंदा राशी कुणी थापल्या?" तिनं सासूला विचारलं.

गुणाजीनं गाठोडं उचललं.

सुटीच्या दिवशी तो कळव्याला गेला. रखमा राशीपाशी उभी राहून एका पोरीला दटावत होती, "अगो, कुरवाळतेस काय, थाप." गुणाजी बांधावर उभाच राहिला. तिनं एकदा मान वळवली.

"भाकरी टोपलीखाली हाय, जेवून घ्या," ती म्हणाली, आणि पुन्हा राशीकडे वळली.