लाभ, दोन, तीन

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही. नका ठेवू. माझ्यासारख्याचं खरं बोलणं लोकांना पचतच नाही.

मित्रांनो, बोरगाव मेघेतल्या या घरात मी कपाटावर बसलो आहे, तुम्ही खाली सतरंजीवर, आणि या घरच्या शालूबाई दारापाशी तुरीच्या शेंगा सोलत आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. माझ्या गोष्टी त्यांना आवडत नाहीत.

माझ्या अंगावर दोन मोठी रिळं आहेत आणि पुढे बटणांची रांग. त्यातलं लाल बटण ही माझी जन्माची भीती. ते दाबलं की नवा आवाज आत येतो आणि त्या जागेवरचा जुना पुसला जातो. कुठे जातो, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. कुणाचंही बोट लाल बटणाकडे वळलं की आजही माझी फीत आखडते.

पण कान म्हणाल तर तसा कान कुणाला नव्हता. एकदा समुद्रपूरच्या शिवारात मला पऱ्हाटीत ठेवलं होतं, तर मी बोंड उकलल्याचा आवाज टिपला. तो मोठ्यानं वाजवला तेव्हा शेजारच्या वावरातल्या बाया कापूस वेचायला ओटी बांधून धावत आल्या. तळेगावच्या बाजाराच्या दिवशी मी नुसता ‘हो हो’ वाजलो, तर रस्त्यावरच्या सगळ्या बैलजोड्या जागीच थांबल्या आणि मागची एसटी तशीच माघारी गेली.

शालूबाई हसत आहेत. हसू द्या.

ऐंशी साल उलटल्यावर मला एका विद्यापीठानं घेतलं आणि रूपरावच्या हाती दिलं. रूपराव समुद्रपूरचा. त्याचे वडील नत्थूजी गावात धान्य मोजून द्यायचे. रूपराव शाळेतली मास्तरकी सोडून संशोधनाला आला होता. माणूस बोलला तर ते संगणकानं ओळखायचं आणि उलट उत्तर द्यायचं, असं ते संशोधन. शेतकऱ्यानं ‘एक’ म्हटलं की कापसाचा भाव सांगायचा, ‘दोन’ म्हटलं की तुरीचा, ‘तीन’ म्हटलं की ज्वारीचा, असं पुढे मिरचीपर्यंत. ऐकायचं संगणकानं आणि बोलायचं मी.

“मास्तरकी सोडली अन् डब्ब्यासंग बोलून राह्यला,” नत्थूजी ओसरीवरून सगळ्यांना ऐकवायचे. “उद्या डब्ब्यानं हाकलून देल्लं त मंग कोनाशी बोलशीन गा?”

रूपराव हसायचा, पण भय त्यालाही तेच होतं. एक समिती येऊन काम बघणार होती. तिला पटलं तर संशोधन पुढे चालणार, नाही पटलं तर तिथेच संपणार. आणि शाळेतल्या त्याच्या जागेवर केव्हाच दुसरा मास्तर बसला होता.

संगणकाला शिकवायला आवाज हवे होते, म्हणून रूपरावनं मला नत्थूजींच्या अंगणात मांडलं. माणसं जमली. माइक पुढे आला की मात्र एकेकाची दातखीळ बसायची. घरामागच्या देवकाबाई तर पदर तोंडावर घेऊन मागे सरकल्या.

“आवाज याच्यात गेला अन् मी बाहीर राह्यली, त मरनाच्या वक्ती देवाचं नाव कशानं घेऊ, बाप्पा?”

“परत देतो ना, मामी. हे पाहा, वाजवून दाखवतो.”

“तुह्या बापानं मोजलेले दाने परत देल्ले का कधी?”

सगळे हसले, पण माइकपाशी कुणी येईना. मित्रांनो, खरं सांगतो, त्यांची ती भीती माझ्यातही उतरली. इतक्या जणांनी तुमच्याकडे भुताकडे पाहावं तसं पाहिलं, तर तुम्हालाही वाटेल की आपण भूतच आहोत.

मग रूपरावला युक्ती सुचली. त्यानं तुरीची रास ओतली आणि एकेकाच्या हाती पायली दिली. “माइक सोडा. तुम्ही आपले मोजत राहा.”

हात कामाला लागले आणि गळे मोकळे झाले. देवकाबाईंनी पायली भरली, रिती केली आणि खणखणीत आवाजात मोजलं, “लाभ, दोन, तीन, चार...”

तिथेच घात झाला. धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. नत्थूजींनी तसंच मोजलं आणि रूपरावची बायको शालूबाई, त्यांनीही तसंच मोजलं. रूपराव त्या राशीवर खेळतच मोठा झाला होता. त्याच्या कानाला लाभ म्हणजेच एक. पहिला आवाज आला की तो तुकडा ‘एक’ म्हणून संगणकाला द्यायचा, असं त्यानं सगळ्या रिळांचं केलं. चाचणीही त्याच रिळांवर घेतली, आणि संगणक धडाधड बरोबर निघाला. मोठे सर, म्हणजे रूपरावचे मार्गदर्शक, खूश झाले.

मी रोज तेच वाजवत होतो. लाभ, लाभ, लाभ. मला दिसत होतं की पोरगा खड्ड्याकडे चालला आहे. पण सांगणार कसा? मी आतलं तेवढंच बोलणारा. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, मित्रांनो. सगळं माहीत असतं आणि तोंड आपलं नसतं.

समिती वर्ध्याला आली. बाहेरचा गलका माइकमध्ये शिरू नये म्हणून हॉलच्या खिडक्या लावून त्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. भरदुपारी आत नुसता दिव्यांचा उजेड. मुख्य पाहुणे बंगळूरचे. मराठी आकडे गाडीत पाठ करून आले होते. ते माइकपाशी वाकले आणि म्हणाले, “दोन.” मी तुरीचा भाव सांगितला. “तीन.” मी ज्वारीचा सांगितला. मोठ्या सरांनी मान ताठ केली.

“एक,” पाहुणे म्हणाले.

संगणकानं बराच वेळ घेतला आणि मला मिरचीवर नेऊन उभं केलं. मी मिरचीचा भाव सांगितला. पाहुण्यांनी पुन्हा सावकाश म्हटलं. पुन्हा मिरची.

“गावच्या माणसाला बोलू द्या,” मोठे सर घाईनं म्हणाले आणि त्यांनी रूपरावसोबत आलेल्या शालूबाईंना पुढे केलं.

शालूबाई घाबरून गेलेल्या. माइकसमोर त्यांचे हात आपोआप पायली धरल्यासारखे झाले आणि पुटपुटल्यागत शब्द आला, “लाभ.”

मी कापसाचा भाव सांगितला. पाहुण्यांनी टाळी वाजवली. पुटपुटलेलं ते ‘एक’च, असं त्या बिचाऱ्यांना वाटलं.

रूपरावला मात्र कळलं. त्यानं शालूबाईंच्या रित्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“साहेबांचा उच्चार जरा दक्षिणेकडचा, एवढंच,” मोठे सर हसून म्हणाले. पाहुणेही हसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. आता गप्प बसलं की काम झालं, हे त्या हॉलमध्ये रूपरावइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी आणि तो, दोघंही एकाच भीतीत उभे.

आणि लाइट गेली. पंखा थांबला, संगणकाचा पडदा मेला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार.

त्या अंधारात एक आवाज उठला. “साहेब, सही करू नका. याच्यात एक नाहीच. मापाचा लाभ आहे. चूक तुमच्या उच्चाराची नाही, शिकवणाऱ्याची आहे.”

लाइट आली तेव्हा पाहुण्यांचं पेन तसंच हवेत होतं. त्यांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि रूपरावला आणखी एक वर्ष दिलं, नवे आवाज गोळा करायला.

कोण बोललं, म्हणता? मीच बोललो, मित्रांनो. आयुष्यात एकदाच, कुणी न भरलेलं, माझं स्वतःचं. म्हणून सांगतो, यंत्राला धुळीपासून जपा, लाल बटणाला विचार करून हात लावा, आणि यंत्राला काही शिकवण्याआधी आपण त्यात काय भरलंय ते एकदा परक्याच्या कानानं ऐका. माझ्यासारखं बोलणारं यंत्र प्रत्येकाच्या नशिबी...

“लाइट गेलती ना?” शालूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

गेलती, मी म्हटलं.

“पंखा बंद, कंप्युटर बंद. मंग तूच येकटा काऊन चालू होता रे? बोलले ते हे बोलले. माहा हात धरून उभे होते, अन् हात असा कापून राह्यला होता का माह्या बांगड्या वाजत होत्या. तू चालू असता, त त्या बांगड्याही तुह्या टेपीत असत्या.”