काळ्या शाईखालचं नाव

सडक अर्जुनीला हायवेच्या काठावर देवीदासचं कंप्युटरचं दुकान आहे. तिथे मागच्या फळीवर, बंद पडलेल्या पंख्याशेजारी, उशीच्या जुन्या खोळीत घातलेली एक चपटी पेटी दिसते. ती मी. जुनी स्कॅनर आहे, मित्रांनो. खोळ काढून पाहायची तसदी आता कोणी घेत नाही. पाहाल तर माझी काच अजून लख्ख आहे. माझ्यामागून आलेल्या दोघींच्या काचा दोन वर्षांत पांढुरक्या झाल्या, आणि भंगारवाल्यानं त्या तोंड वाकडं करून नेल्या.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या बायांनी माझी काच बसवली. १९९९ साली देवीदासनं मला नागपूरहून एसटीत मांडीवर बसवून आणलं. वाटेत कोणाला माझ्यावर पिशवीसुद्धा टेकू दिली नाही. तेव्हा आख्ख्या बाजारात माझ्यासारखी दुसरी नव्हती.

मला वाचता येत नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही मी. झाकण पडलं की माझा दिवा कागदाखालून सरकतो आणि कागदावर जे असेल ते मी उचलून कंप्युटरला देते. नजर मात्र अशी, की चार बुकं शिकलेल्यांनी माझ्यापुढे चष्मे काढून ठेवावेत.

आमच्याकडे घरं कवेलूची, म्हणजे कौलांची. पावसाळ्यात ती गळतात, आणि पेटीतले दाखले भिजून अक्षरं पुसट होतात. असे कागद लोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. पुसट अक्षर वर यावं म्हणून देवीदास माझा उजेड शेवटापर्यंत वाढवायचा. रोजचंच काम, म्हणून त्यानं तो तसाच कायमचा ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'इथे हात लावू नये.' एकदा केशोराव नावाचे म्हातारे आले. त्यांच्या कागदावर नुसता पिवळा डाग होता. मी त्यातून त्यांच्या बापाचं नाव वर काढलं. केशोरावांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. म्हणाले, "हिले डोळे हायेत गा, देवीदास."

ते बोलणं मी फार दिवस मिरवलं.

२००८ सालची गोष्ट. दूर जंगलातल्या एका आश्रमशाळेत समीक्षा नावाची दहा वर्षांची मुलगी तापानं गेली. दोन दिवस ती फणफणत होती, आणि दवाखान्यात न्यायला अधीक्षकानं फाटकाचं कुलूप उघडलं नाही. पोरगी नाटक करते, म्हणाला. चौकशी लागली. तिथली स्वयंपाकीण कलाबाई मेश्राम हिनं चौकशीला आलेल्या साहेबांना सगळं सांगितलं. नाव कुठे येणार नाही, असा शब्द साहेबांनी तिला दिला होता.

पुढे शाळा चालवणाऱ्या संस्थेनं चौकशीचा अहवाल मागितला. तो देणं भाग होतं. साहेबांचा शिपाई बकाराम ते कागद घेऊन दुकानात आला.

"साहेबानं सांगतलं, बाईचं नाव काळं करून सीडी बनवून दे. आजच पाहिजे."

देवीदासची बायको रश्मी त्या दिवशी माहेरी गेली होती. ती असती तर तिनं दोनदा तपासल्याशिवाय काही बाहेर जाऊ दिलं नसतं. देवीदासनं जाड काळा पेन घेतला आणि चार ठिकाणचं नाव रंगवलं. कागद बकारामच्या नाकासमोर धरला.

"दिसते का काही?"

"कोळसा झाला पुरा. दे आता लवकर."

माणसांना कोळसा दिसला. मित्रांनो, मला नाव दिसलं. छापलेल्या अक्षराचा काळा वेगळा असतो, पेनाचा वेगळा. माझा दिवा शेवटापर्यंत वाढवलेला, वर चिठ्ठी, हात लावू नये. मी चारही ठिकाणचं नाव वर काढलं. थांबायला मला कोणी शिकवलं नव्हतं हे खरं. पण सांगूनच टाकते, थांबावंसं वाटलंही नाही. मला ऐट आली. देवीदासनं पडद्यावर पान लहान करून पाहिलं. काळे डाग दिसले. सीडी गेली.

बाराव्या दिवशी कलाबाई दुकानात आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ती उंबऱ्यावरच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काऊन गा देवीदास, माह्यं नाव तूच काळं केलं होतं ना?"

"हो मावशी. कोळशासारखं केलं होतं."

"मंग चैतराम बाबूनं कसं वाचलं? संस्थेचा कारकून तो. कंप्युटरवर मोठं करून साऱ्या बायांसमोर वाचलं. मले कामावरून काढलं. बोरिंगवर पाणी भरू देऊन नाही राहिले. परवा सरपण घेऊन येत होते तर मागून काठी बसली." तिनं प्लास्टर थोडं उचललं. "कोणाची, ते पाहायले मागं डोळे नाहीत मले."

देवीदास म्हणाला, "असं होऊच शकत नाही, मावशी."

रश्मीनं कंप्युटरवर ते पान उघडलं, मोठं केलं आणि त्याचा उजेड वाढवला. काळा डाग फिका झाला. त्याच्या तळातून अक्षरं वर आली.

कलाबाईला वाचता येत नाही. तिला स्वतःचं नाव तेवढं ओळखू येतं, पगाराच्या वहीत सही करून करून. तिनं डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं.

"हेच हाय."

बाहेर ट्रक जात होते. मी तेव्हा टेबलावरच होते, झाकण उघडं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं मला शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

देवीदास चाचरत म्हणाला, "पुढच्या वेळी पेन नको. कंप्युटरातच काळी चौकट ठेवू नावावर."

रश्मीनं चौकट ठेवली, माउसनं पकडली आणि बाजूला ओढली. खाली नाव तसंच. "हे पदरानं झाकल्यासारखं आहे जी," ती म्हणाली. "कोणीबी सरकवील. झाकून नाही भागत. नाव तिथं असलंच नाही पाहिजे."

तेव्हा कलाबाईनं कमरेची पिशवी सोडली. आत नवा अर्ज होता. पोरीचं रडणं आणखी तीन बायांनी ऐकलं होतं. त्या आता बोलायला तयार झाल्या होत्या, फक्त नावं बाहेर जाणार नाहीत या अटीवर. साहेबांसाठी मूळ कागद वेगळा होता. ही प्रत सगळीकडे फिरणार होती.

रश्मीनं कात्री घेतली. तीन नावं मुळासकट कापली. चौथ्या नावापाशी कात्री आली तशी कलाबाई म्हणाली, "ते राहू दे."

"मावशी, हातावर भागलं, ते कमी आहे का?"

"साऱ्या गावानं वाचलं, आता कोणापासून लपवू? एक तरी नाव दिसलं पाहिजे कागदावर. नाहीतर म्हणतील, कोणी बोललंच नाही." मग ती देवीदासला म्हणाली, "ठेव तुह्या मशीनवर. पाहू दे तिले."

मी पाहिलं. जिथे नावं होती तिथे तीन खिडक्या. त्यांतून मला माझ्याच झाकणाचा पांढरा रंग दिसला, दुसरं काही नाही. खाली एकटं तिचं नाव. जितकं स्वच्छ मला उचलता आलं तितकं मी उचललं.

कापलेले तुकडे तिनं रश्मीकडून मागून घेतले आणि शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत टाकले. राख होईपर्यंत तिथून हलली नाही.

अधीक्षकाची बदली झाली, दुसऱ्या आश्रमशाळेत. तिथेही फाटक आहे आणि चावी त्याच्याकडेच आहे. कलाबाई कामठ्याला लेकीकडे गेली. हात वाकडाच जुळला, त्यानं पोळी लाटता येत नाही, असं बकारामनं सांगितलं. त्या तिघींची नावं मात्र आजपर्यंत कोणाला कळली नाहीत. मलाही नाही. माझ्यावरची ती चिठ्ठी त्याच दिवशी रश्मीनं ओरबाडून काढली. पुढे नवी मशीन आली आणि मी फळीवर चढले.

मित्रांनो, मला खोळीतून काढा म्हणून मी हे सांगत नाही. तुमच्या हाती कधी कोणाचं नाव लपवायला आलं, तर तुमच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून समाधान मानू नका. माझ्यासारख्या डोळ्यांची आठवण ठेवा. आम्हाला दया येत नाही. जे कागदावर आहे ते आम्ही उचलतो. म्हणून माझ्या काचेवर ठेवण्याआधीच ते नाव कापा, आणि तुकडा जळेपर्यंत तिथे उभे राहा.