मधलं शटल

मी तोंडाची फटकळ, हे इथे आखातात आमच्या वादी कबीरच्या बिल्डिंगीत वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे. त्यामुळे पोरींच्या बॅडमिंटन अकॅडमीचा मालक जुनैदभाई मॅचच्या सकाळी म्हणाला, "सबीहाबेन, आज हरल्या तर जोडी खलास, उर्वीला दुसरी पार्टनर देतो," तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. म्हटलं, "रत्नागिरीकडचा माणूस म्हणून पोरींना तुमच्याकडे घातलं, आणि तुम्हीच त्यांच्या मुळावर उठलात?" तर हा हसतो! असा संताप आला ना.

माझी मुनिबा आणि शेजारच्या कलावतीची उर्वी दोन वर्षं डबल्स खेळतायत. उर्वीचा हात जोरकस, माझी जरा भित्री, पण एकमेकींशिवाय दोघींना घास उतरत नाही. खोड एकच. शटल दोघींच्या मधोमध आलं की थांबायच्या. "यू टेक!" "नो, यू!" की शटल खाली. दोष आमचाच हो. ताटात शेवटचं सांदण राहिलं की आमच्याकडे "तू घे, तू घे" करता करता ते गार होऊन जातं, आणि कलावतीच्या घरीही तीच तऱ्हा.

त्यांची कोच फांग मॅडम एकेकाळी चीनच्या संघातून डबल्स खेळलेली. नवरा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला म्हणून ती इकडे आली. पोरींचं ते "यू, यू" ऐकून तिने मला विचारलं, "तुमच्या भाषेत स्वतःला काय म्हणतात?" म्हटलं, "मी." झालं! त्या दिवसापासून मधलं शटल आलं की "मी!" ओरडायचं आणि धावायचं, हा नियम.

एकदा चहा पिताना तिने स्वतःचं सांगितलं. ती आणि तिची पार्टनर यिंग, लहानपणापासून एका खोलीत राहिलेल्या, एकत्र जिंकलेल्या. मग एका मोठ्या स्पर्धेत, सेमीफायनलच्या शेवटच्या पॉइंटला, शटल मधोमध आलं. हिला वाटलं यिंग घेईल, यिंगला वाटलं ही घेईल. दुसऱ्याच दिवशी संघाने यिंगला नवी पार्टनर दिली. "पुढे आम्ही एकमेकींविरुद्धही खेळलो," फांग म्हणाली, "पण बोललो नाही. राग नव्हता. लाज वाटायची."

तर मॅच. समोर सीब गावच्या पोरी, तिसरा गेम, आमच्या एका पॉइंटने मागे, हा पॉइंट गेला की मॅच गेली. आणि शटल आलं, कुठे? बरोब्बर मध्ये! माझा जीव टांगणीला.

"मी!"

"मी!"

दोघी एकदम झेपावल्या, रॅकेटवर रॅकेट आपटली आणि शटल पडलं. हरल्या. मी तोंडावर ओढणी घेतली. ओढणी काढून बघते तर दोघी जमिनीवर बसून खिदळतायत. "मी आधी बोलले!" "चल गं, मी!"

जुनैदभाई आलाच. "खलास. सोमवारपासून उर्वी दुसरीकडे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फांग पुढे झाली. "दोघी थांबल्या असत्या तर मीच जोडी तोडली असती. दोघी धावल्या. शटल कुणाचं, हे मी शिकवीन. धावणं शिकवता येत नाही. जोडी तोडायची तर नवा कोचही शोधा."

जुनैदभाईचा चेहरा पडला. "काय मॅडम तुम्ही पण... राहू दे जोडी. यल्ला, घरी जा सगळे."

अल्लाचा किती शुक्र मानू असं झालं मला.

सगळे गेल्यावर फांगने माझ्या फोनमधला त्या शेवटच्या पॉइंटचा व्हिडिओ मागून घेतला आणि यिंगला पाठवला. इतक्या वर्षांतला पहिला मेसेज! आम्ही पार्किंगमध्ये पोचेपर्यंत उत्तर आलं. वाचता वाचता तिचे डोळे भरले.

"काय म्हणते?"

"म्हणते, तेव्हाचं ते शटल माझं होतं."

"मग? तुम्ही काय सांगणार?"

फांगने फोन तोंडाशी धरला, बटण दाबलं आणि अख्खं पार्किंग दणाणेल अशी ओरडली, "मी!"

आता तिकडे चीनमध्ये यिंगला मराठी काय कळणार म्हणा. पण कळलं असणार.