दोरी सोडल्यावर

बस डेपोतल्या मेकॅनिकला पळण्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्याच्या मेहुणीला शंभर मीटर पळायचं होतं आणि तिला दिसत नव्हतं. सव्वीस वर्षांची ही मुलगी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. तिथले सगळे नंबर तिला तोंडपाठ होते. तिच्या मनगटाला वीतभर दोरीने आपलं मनगट बांधून शेजारून पळणारा कोणीतरी हवा होता. बायकोने परस्पर नवऱ्याचं नाव पुढे केलं, आणि बेचाळिसाव्या वर्षी तो नवे बूट घालून मैदानावर उभा राहिला.

शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या. गळ्यातल्या शिट्टीमुळे सगळे त्यांना शिट्टीबाईच म्हणत. पहिले दोन महिने त्यांनी पूर्ण शंभर मीटर पळूच दिलं नाही. वाकून बसायचं, शिट्टी झाली की उसळायचं, दहा पावलांवर थांबायचं. मग तीस मीटर जीव तोडून, आणि मध्ये चार मिनिटं स्वस्थ बसायचं. हे बसणं मेहुणीला फार जाचायचं. दमलेल्या पायांनी पळालीस तर पाय हळू पळायलाच शिकतील, असं बाईंनी तिला सुनावलं. हात कसे हलवायचे ते कळावं म्हणून तिने बाईंचे दंड चाचपून पाहिले आणि घरी स्वयंपाकघरात उभी राहून तसेच हलवत राहिली. दोन कप फुटले. बायकोने ते पोटात घातलं.

दहा महिन्यांत वेळ सतरा सेकंदांवरून साडेचौदावर आली आणि तिथेच अडली. तीन आठवडे घाम गाळूनही काही फरक पडेना. बाईंनी तिची झोप विचारली, खाणं विचारलं. मेकॅनिकला मात्र कारण ठाऊक होतं. शेवटच्या तीस मीटरमध्ये दोरी ताठ व्हायची, आणि मागे राहिलेला असायचा तो. दोन दिवस त्याने हे गिळलं. तिसऱ्या दिवशी दोरीची गाठ सोडता सोडता म्हणाला, “तू नाही अडलीस. मी तुला मागे खेचतोय.”

“माहीत आहे, दाजी. हाताला कळतं ना.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली. “तुम्ही शेजारी नसलात तर भीती वाटते.”

बाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी आणि घड्याळ मेकॅनिकच्या हातात दिलं, शंभर मीटर चालत गेल्या आणि पलीकडून एका लयीत टाळ्या वाजवू लागल्या. मैदान मोकळं होतं. तरीही त्याने सगळी वाट पायाखालून घातली, दोन खडे उचलून फेकले, मग तिला रेषेवर बसवलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. त्याने घड्याळ धरलं आणि शिट्टी फुंकली.

इतके महिने तो तिच्या शेजारून पळाला होता. तिला पळताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ती आधी जमिनीलगत गेली, मग हळूहळू उंच होत गेली. पाय कधी टेकत होते ते दिसेना. एकदा ती डावीकडे सरकली आणि टाळीसरशी पुन्हा सरळ झाली. समोर काय आहे हे ठाऊक नसलेलं माणूस त्या अंधारात असं स्वतःला झोकून देतं, हे पाहून त्याच्या अंगावर काटा आला. बोर्डावर मान खाली घालून बसणारी, दार चाचपत आत येणारी ती हीच का, असं त्याला वाटलं.

ती थेट बाईंवर जाऊन आदळली. दोघी गवतात पडल्या आणि तिथेच हसत राहिल्या.

“किती झाले?” बाईंनी लांबून विचारलं.

त्याने खाली पाहिलं. घड्याळ अजून चालूच होतं.

पुढच्या महिन्यापासून कॉलेजातली एक चपळ मुलगी तिच्यासोबत पळू लागली. स्पर्धेत मेहुणी दुसरी आली, तेरा सेकंद आणि सहा दशांशांत. मेकॅनिक पायऱ्यांवर बसून पाहत होता. शेजारच्या माणसाने विचारलं, ही तुमची कोण?

“आमच्या घरातली आहे,” तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते खरं वाटेना.