पाय की इंजिन

खुशबू धुळीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत गाडी चालवायची. गेल्या वर्षी एका वळणावर गाडी उलटली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. गाडीही तिच्या धाकट्या भावानं, अनुपनं, शहापूरच्या आपल्या गॅरेजात पुन्हा उभी केली. पण कोंढा गावाजवळ मामाच्या पडीत जमिनीवर ती पळवून बघताना काहीतरी बिनसलेलं जाणवलं. इंजिनाच्या आरपीएमचा काटा पाच हजारांपर्यंत झपकन चढायचा. सहा हजारांजवळ गेला की इंजिन फडफडायचं आणि सगळा जोर निघून जायचा.

अनुपनं प्लग आणि कॉइल बदलले, पेट्रोलचा पंप तपासला. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलिंडरांत चोख आलं. मग तो स्वतः एक चक्कर मारून आला, नेहमीसारखा पाच हजारांच्या आतच गिअर बदलत.

"गाडी तं मस्त चालून राहिली, ताई," तो म्हणाला. मग हात पुसत, तिच्याकडे न बघता, "तूच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत असशील. होते असं, एवढ्या मारानंतर."

"मी कायले उचलू पाय?"

बोलली खरी, पण पुढच्या फेरीला तिची तिलाच खात्री वाटेना. पाय दाबलेला होता की दाबल्यासारखा वाटला? घरी कणीक मळतानाही तिचा उजवा पाय फरशीवर रेटलेला असायचा.

शेवटी तिनं पॅडलजवळ फोन चिकटवला आणि तीन फेऱ्या मारल्या. दोन फेऱ्यांत पाय तळापर्यंत दाबलेला दिसत होता, तरी इंजिन फडफडत होतं. तिसऱ्या फेरीत मात्र आवाज बिघडायच्या आधीच पाय वर आला होता. आपण तो कधी उचलला, हे तिला आठवेना. चित्रफीत पुनःपुन्हा बघून ती जास्तच गोंधळली.

अनुपनं मात्र पहिल्या दोन फेऱ्या बघितल्या आणि इंजिनाचा वरचा भाग उघडला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काढून त्यानं नव्याशेजारी उभ्या केल्या. उंची सारखीच.

"हे बी ठीकच हाय," तो वैतागून म्हणाला.

"उंची नको पाहू. दोन्ही एकमेकींवर ठेव अन् शिकंज्यात दाब."

त्यानं मध्ये चपटी पट्टी ठेवून टेबलावरचा शिकंजा, म्हणजे व्हाइस, आवळला. नवी स्प्रिंग जेमतेम हलली. जुनी चटकन दबून बसली. दोन हंगाम शर्यतींत रगडून तिचा दम गेला होता. वेग वाढला की ती व्हॉल्व्ह वेळेवर बंद करू शकत नव्हती. कॉम्प्रेशन तपासताना इंजिन फक्त स्टार्टरवर, हळू फिरतं, म्हणून तिथं काहीच दिसलं नव्हतं.

"माफ कर, ताई. उगाच तुह्यावर ढकललं."

नव्या स्प्रिंगा बसल्या. मामाच्या जमिनीवर काटा सात हजारांपर्यंत न अडखळता चढला. पण वळण अजून लांब असतानाच गाडी मंदावली. खुशबू परत येऊन थांबली आणि काच खाली केली.

"गाडी झाली," ती म्हणाली. "पण आता मीच पाय उचलला. काहून, ते मले समजून नाही राहिलं."

अनुपनं दुसऱ्या बाजूनं आत येऊन सीटबेल्ट लावला.

"जितका दाबता येते तितका दाब," तो म्हणाला. "आज मले काही काम नाही."

तिनं पहिला गिअर टाकला.