दारावरचा टॉवेल

हे लिहायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. बाथरूमची कसली गोष्ट, लोक नाक मुरडतील, असं वाटत होतं. लिहायला घेतलं, खोडलं, परत घेतलं. पण डोक्यातून जाईना, म्हणून आता एकदाचं लिहून टाकतो.

तर मीटर दुकानात शॉवर टांगलेल्या भिंतीसमोर उभा होता. मीटर म्हणजे पाण्याचे मीटर वाचणारा माणूस. घरोघर जायचं, आकडा टिपायचा, पुढचं घर गाठायचं. हेच काम इतकी वर्षं केलं की त्याचं खरं नाव बायकोशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि ती त्याला 'अहो' म्हणायची.

घरातल्या बाथरूमचं काम शेवटाला आलं होतं. ओल आलेल्या भिंती खरवडून टाइल लागली, नवे पाइप आले, जुनी फरशी उखडली. ती उखडताना मिस्त्रीने दाराजवळच्या दोन फरश्यांवर बोट ठेवलं होतं. तिथे ओढल्याचे चरे होते, पांढरे पडलेले, एकावर एक. इथे रोज काय ओढत होता, असं त्याने विचारलं. मीटर म्हणाला, असेल काहीतरी.

आता उरलं होतं ते वरवरचं. शॉवर, आरसा, टॉवेलचा दांडा, हुक आणि नव्या दाराला रंग. पण मीटरचा सगळा जीव ह्या वरवरच्यातच अडकला होता. नोकरीपायी त्याने आयुष्यभर दुसऱ्यांची बाथरूमं बघितली. कुठे आरशामागून उजेड येतो, कुठे नळापुढे हात धरला की आपोआप पाणी. घरी आला की जेवताना त्याचं वर्णन चालायचं. आता आपली पाळी आली होती.

त्याने ताटाएवढा शॉवर खाली उतरवायला लावला. पोरगी, आठवीतली, म्हणाली की ह्याच्याखाली उभं राहिलं की गाडी धुतल्यासारखं वाटेल. मीटर खूश झाला, त्याला ती तारीफ वाटली. मग उजेडाचा आरसा घेतला. मग दांडा कसा, गोल की चपटा, ह्यावर बराच वेळ गेला.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमची पसंती सांगा की."

बायको इतका वेळ पर्स पोटाशी धरून मागे उभी होती. ती काउंटरच्या टोकाला गेली. तिथे एका ट्रेमध्ये बिजागऱ्या, हुक, कड्या असा बारीकसारीक माल पडला होता. तिने एक कडी उचलली, सरकवून बघितली, ठेवली. दुसरी उचलली, जाड दांड्याची. ती दोन-तीनदा सरकवली.

"ही द्या," ती म्हणाली. "आणि अशीच अजून एक. एक वर लावायला, एक खाली."

मीटर हसला. "दोन? अगं बाथरूम आहे का बँक? सोनं ठेवणार आहेस आत?"

दुकानदारही हसला. गिऱ्हाइकाबरोबर हसायचं असतं.

बायको हसली नाही. पोरगी त्या उजेडाच्या आरशात स्वतःचे केस बघत होती. तिथूनच ती म्हणाली, "मला बादली लावायचा कंटाळा आलाय."

"कसली बादली?"

"दाराला. भरलेली ओढून लावते ना मी आतून. आई पण लावते. रिकामी लावली तर सरकते."

दुकानदाराला एकदम मागच्या फळीवर काहीतरी शोधायचं आठवलं. मीटर "बरं बरं, घ्या की, नको कोण म्हणतंय," असं काहीतरी बोलला. त्या दोन फरश्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या.

जुन्या दाराची कडी कधीच निखळली होती. पाण्याने लाकूड कुजलं होतं, स्क्रू धरत नव्हता. उद्या बघतो, असं मीटर म्हणाला होता. तो उद्या काही उजाडला नाही आणि घरात आपोआप एक रीत पडली. आत कुणी असलं की दारावर टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की बाहेरच्याने थांबायचं. घरातलीच तर माणसं आहेत, असं मीटर म्हणायचा. तो स्वतः टॉवेल टाकायचाही नाही. मोठ्याने गात आंघोळ करायचा, सगळ्या मजल्याला कळायचं.

आणि हाच माणूस कामावर नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा की पाण्याचा मीटर बहुतेक घरांत बाथरूमजवळ असतो. म्हणून आधी जिन्यातून खाकरायचं, मग 'मीटर' म्हणून आवाज द्यायचा, मग थांबायचं. दार अर्धवट उघडं दिसलं तरी ढकलायचं नाही. दार ढकलणारा माणूस माझ्या हाताखाली नको. त्याच्याविरुद्ध एवढ्या वर्षांत एक तक्रार नव्हती, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

घरी येताना शॉवरचा खोका त्याच्या मांडीवर होता. कड्या बायकोने पिशवीत टाकल्या नव्हत्या, पर्समध्ये ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो दाराच्या रंगासाठी पेंटरकडे गेला.

पेंटर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मागच्या गल्लीत त्याची शेड होती. दुकानांच्या पाट्या, दारं, खिडक्या, जे येईल ते रंगवायचा. पूर्वी दुपारी काम थांबलं की मीटरच्या घरी वर यायचा, थेट बाथरूममध्ये जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मग चहाला बसायचा. मीटर घरी असो नसो. पोरगी लहान असताना त्याच्या नखांत आज कुठला रंग आहे ते ओळखायची.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी तो यायचा थांबला. भांडण नाही, तंटा नाही. काही काम असलं तर जिन्याखाली उभा राहून हाक मारायचा. वर ये म्हटलं तर घाई आहे म्हणायचा. मीटरला ते लागलं. त्याने चारचौघांत पेंटरची टिंगल सुरू केली. साहेब मोठे झाले, आमच्या घरचं पाणी चालत नाही त्यांना. पेंटर हसून सोडून द्यायचा. मग तो राग घरी निघायला लागला.

"तूच काहीतरी बोलली असशील त्याला," तो बायकोला म्हणायचा. "नाहीतर कप आपटला असशील समोर. एक जिवाभावाचा माणूस होता माझा, तोही तुला बघवला नाही."

"मी काही बोलले नाही."

"तेच तर. बोलली असतीस दोन शब्द गोड, तर आला असता."

हे एकदा झालं असतं तर गोष्ट वेगळी. हे वरचेवर झालं, पाहुण्यांसमोर झालं, पोरीसमोर झालं.

तर मीटर शेडमध्ये गेला तेव्हा पेंटर एका पाटीवर अक्षरं काढत होता. मीटरने नव्या बाथरूमचं सगळं पुराण सांगितलं. शॉवर केवढा, आरसा कसा. मग म्हणाला की दार वर तयार आहे, ये आणि दोन हात मारून जा.

"दार इकडे पाठव," पेंटर म्हणाला. "इथे रंगवतो."

"अरे एवढं दार खाली आणायचं आणि परत वर न्यायचं? तू ये ना."

"इकडेच पाठव."

मीटरचा तोल गेला. "माझ्या घराचं तुला वावडं काय आहे, ते आज सांगच. तिने काही केलं का? तू फक्त हो म्हण. तिला इथे आणून तुझी माफी मागायला लावतो."

पेंटरने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. अक्षर अर्धवटच राहिलं. तो मीटरकडे न बघता म्हणाला, "आतून कडी बसवलीस का?"



"टॉवेल खाली पडला होता," पेंटर म्हणाला. "वाऱ्याने पडला असेल. मला काय माहीत. मी आपला नेहमीसारखा हात धुवायला..." त्याने हाताला लागलेला रंग दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडला. "बादली सरकल्याचा आवाज झाला तेव्हा कळलं. मी तसाच मागे फिरलो रे. पण तिने मला बघितलं."

बाहेरून कुणीतरी पाटी झाली का म्हणून विचारून गेलं. पेंटरने मानेनेच नाही सांगितलं.

"माफी मागायला लावू नकोस तिला," तो म्हणाला. "एवढं कर."

मीटर स्टुलावर बसला. दोस्तावर चिडायचं की काय करायचं, हा प्रश्नच त्याच्या मनात आला नाही. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. बोलली असतीस दोन शब्द गोड. हे आपण तिला जेवताना म्हणालो होतो, हात न धुता, पाणी मागता मागता. आणि तिने पाणी दिलं होतं.

मीटरने दार शेडवर पाठवलं आणि रविवारी रंग झाल्यावर पेंटर स्वतः ते हातगाडीवरून घेऊन आला. जिन्याखाली थांबला. गाडीवर दाराची एक कड खरचटली होती, तिथे त्याने खालीच पुन्हा ब्रश फिरवला आणि ओलं आहे, हात लावू नका म्हणाला. सुताराने आणि मीटरने दार वर नेलं. दार कुठे घासत असलं तर लगेच खाली आणा, मी थांबतो, असं पेंटर म्हणाला.

सुताराने बिजागऱ्या मारल्या, दार टांगलं आणि कडीला हात घातला. मीटर म्हणाला, ते राहू दे, ते मी करतो. सुतार हसला, कारण मीटरला धड खिळा ठोकता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तो हत्यारं गोळा करून गेला.

बायको शेजारी उभी होती, तळहातावर स्क्रू घेऊन. पहिला स्क्रू वाकडा गेला. काढला, पुन्हा लावला. मीटरच्या घशाशी कितीदा तरी एक वाक्य आलं. तोंडातून निघालं ते "स्क्रू दे" एवढंच. ती देत राहिली. वरची कडी झाली. मग दोघं खाली बसले आणि खालची झाली. खालची जरा तिरपी बसली, पण सरकत होती.

बायको आत गेली आणि दार लावून घेतलं. वरची कडी सरकली. मग खालची.

"अहो," ती आतून म्हणाली, "ढकलून बघा."

मीटरने दारावर हात ठेवला. दार नवीन होतं, रंगाचा वास येत होता. त्याच्याच्याने ढकलवेना.

"ढकललंत?"

"हो."

"नाही ढकललंत. जोरात ढकला."

त्याने हाताचा जोर लावला. मग खांदा लावला. दार जागचं हललं नाही.

"नाही उघडत," तो म्हणाला.

तो वाट बघत उभा राहिला. कशाची, ते त्याला थोड्या वेळाने कळलं. रोज सकाळी पाणी सुरू व्हायच्या आधी फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज यायचा. फरशी खराब होते, जरा उचलत जा, असं तो बाहेरून ओरडायचासुद्धा. आज नुसतं पाणी सुरू झालं. ताटाएवढ्या शॉवरचं नाही. साधा नळ, बादलीत पडणारा.

पोरगी आतल्या खोलीतून आली, दाराच्या वरच्या कडेकडे तिने सवयीने बघितलं. तिथे टॉवेल नव्हता. तिने दार ढकललं नाही, बापाकडे बघितलं. "आहे आत," मीटर म्हणाला, आणि जिना उतरून खाली गेला.

पेंटर गाडीच्या दांडीवर बसला होता. "घासत नाही ना कुठे?"

"नाही."

"कडी?"

"लागते. दोन आहेत."

पेंटरने मान हलवली. मग त्याला मीटरचा तळहात दिसला. कडेचा ओला रंग सगळा हाताला आला होता. "अरे, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना तिथे."

"तिने ढकलून बघायला सांगितलं."

पेंटरने गाडीवरचं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, मीटरचा हात ओढून घेतला आणि पुसायला लागला. एक एक बोट, नखांच्या कडा. मीटरने हात तसाच देऊन ठेवला.

"तुला वर ये म्हणणार नाही मी आता," मीटर म्हणाला. "कुणासमोर नाही, मस्करीत पण नाही."

"बरं."

"तिला काही विचारणार नाही. तू सांगितलंस हेही नाही सांगणार. तुझ्यावरून तिला जे जे बोललो ते चुकलं माझं, एवढं आज म्हणेन. का चुकलं ते नाही म्हणणार. तिला काय समजायचं ते समजू दे."

पेंटरने फडक्याची घडी उलटली.

"आणि ती म्हणाली ना, बोलवा त्याला, तर मी स्वतः शेडवर येईन सांगायला. आणि नाही म्हणाली कधीच, तर चहा मी खाली घेऊन येत जाईन. दोन कप. इथे गाडीवर बसू."

"नक्की?"

"नक्की," मीटर म्हणाला. "शब्द देतो."